वाचक विचारतात : क्रेफिश, कोळंबी आणि उपांगांच्या एकोणीस जोड्या

या वेळच्या टपालात कवचवाल्या प्राण्यांनीच जागा अडवली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. पहिले उत्तर मुद्दाम लांब दिले आहे. पुढच्या उत्तरांना त्याचाच आधार आहे, तेव्हा ते वगळू नका.

प्रश्न : आमची मुलगी इथे दहावीत आहे. जीवशास्त्राच्या तासाला तिला क्रेफिशचे विच्छेदन करायचे आहे. हातात नावांची भली मोठी यादी दिली आहे आणि ती घाबरली आहे. आम्ही दोघेही कॉलेजात कोळंबीवर शिकलो. तेवढ्या शिदोरीवर तिला मदत करता येईल का? काय जपायला सांगावे? — एक आई, ह्यूस्टन

उत्तर : येईल की. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, मोठ्या नांग्यांचा कवचधारी प्राणी. कोळंबी आणि क्रेफिश एकाच घराण्यातले, दोघेही दशपाद. पुढे डोके आणि छाती एकाच पाठकवचाखाली जोडलेली, तिला शिरोवक्ष म्हणायचे. मागे सहा खंडांचे उदर, टोकाला शेपटीचा पंखा. तिकडच्या शाळांत बहुधा लुइझियानाचा लाल दलदली क्रेफिश येतो. लुइझियानात भातखाचरांतून त्याचे पीक काढतात आणि १९८३ पासून तो त्या राज्याचा अधिकृत कवचधारी प्राणी आहे.

नावे पाठ करण्याआधी मुलीला मोजायला लावा. क्रेफिशच्या अंगावर उपांगांच्या, म्हणजे मिशा, जबडे, पाय अशा अंगाला फुटलेल्या अवयवांच्या, १९ जोड्या असतात : डोक्यावर ५, छातीवर ८, उदरावर ६. सगळ्या एकाच साच्यातून निघालेल्या आहेत. तो साचा पाहायचा तर उदराखालचा एखादा पोहण्याचा पाय चिमट्यात धरावा. एक देठ आणि त्याला फुटलेली दोन पाती, एवढाच तो असतो. कुठे एक पाते गळाले, कुठे देठ जाड होऊन दात झाला, कुठे पात्याचा पंखा झाला. हे एकदा डोळ्यांना दिसले की यादीचा धाक उरत नाही.

पुढून मागे जाऊ. पहिली जोडी लघुशृंगिकांची, टोकाशी दुभंगलेली. वास घेणे आणि तोल सांभाळणे ही तिची कामे. दुसरी शृंगिकांची, चाबकासारखी लांब, चाचपडण्यासाठी. तिसरी जोडी म्हणजे जंभ, घट्ट आणि दातेरी, खरे चावणारे हेच. चौथी आणि पाचवी जोडी जंभिकांची, कागदासारखी पातळ. मुलांच्या हातून सर्वांत जास्त फाटतात त्या याच, आणि खरी गंमत पाचव्या जोडीत आहे. तिचे बाहेरचे पाते कल्ल्यांच्या पोकळीत शिरलेले असते आणि जिवंतपणी ते सतत हलत राहते. त्यामुळे पाणी पायांच्या मुळांशी असलेल्या फटींतून आत ओढले जाते, कल्ल्यांवरून पुढे सरकते आणि तोंडाजवळून बाहेर पडते. हे पाते थांबले तर भरल्या पाण्यातही क्रेफिश गुदमरेल.

छातीवरच्या पहिल्या तीन जोड्या जंभपाद. अन्न धरणे, चाखणे आणि तोंडाकडे ढकलणे हे त्यांचे काम. उरलेल्या पाच जोड्या चालण्याचे पाय, त्यावरूनच दशपाद हे नाव. यातली पहिली जोडी म्हणजे मोठ्या नांग्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडीच्या टोकाला छोटे चिमटे असतात, चौथ्या-पाचव्याला नुसती नखे. उदरावर पाच जोड्या पोहण्याच्या पायांच्या आणि सहावी रुंद वल्ह्यासारखी. या वल्ह्यांच्या मध्ये शेपटीचे पाते असते. त्याला उपांगांत मोजायचे नाही. बेरीज २० येऊ लागली तर बहुतेक वेळा ते पाते धरलेले असते, नाहीतर डोळ्यांचे देठ.

कापण्यापूर्वी नर-मादी ठरवा. नमुना उताणा करून उदराच्या पहिल्या दोन जोड्या पाहा. नरात त्या कडक, काडीसारख्या असतात आणि पायांच्या मधून पुढे रोखलेल्या असतात. मादीत त्या मऊ आणि बारीक. खात्री करायची तर जननछिद्रे शोधा : मादीची तिसऱ्या चालण्याच्या पायाच्या मुळाशी, नराची पाचव्या. नांगी ही पहिली जोडी धरून मोजायचे. इथे एक चुकले की सगळे चुकते.

आता प्रत्यक्ष काम. नमुना औषधी द्रावणातला असतो, म्हणून आधी वाहत्या पाण्यात चांगला धुवा. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घालायचाच. ताटलीत थोडे पाणी राहू द्या, कारण कोरडे पडले की कल्ले आणि ग्रंथी एकमेकांना चिकटून गोळा होतात.

उपांगे एकाच बाजूची काढा, दुसरी बाजू ताडून पाहायला राहू द्या. तोंडाजवळ बाहेरून आत जायचे : आधी तिसरा जंभपाद, मग दुसरा, पहिला, मग जंभिका, शेवटी जंभ. चिमटा अंगाला लागून, अगदी मुळाशी धरा आणि सरळ ओढा. मध्ये धरला तर पाय तुटून हातात येतो आणि मूळ आतच राहते. नीट ओढलेल्या चालण्याच्या पायाबरोबर एक पांढुरका, पिसासारखा झुपका बाहेर येतो. तो कल्ला. पाय चालला की कल्लाही हलतो, ही जोडणी तिथेच कळते. काढलेली उपांगे कागदावर क्रमाने मांडून आकडे घाला.

मग त्याच बाजूचे पाठकवच मागच्या कडेपासून मानेच्या आडव्या खाचेपर्यंत कापून बाजूचा पत्रा काढून टाका. खाली कल्ल्यांची पोकळी दिसेल. ती शरीराच्या आत नाही, कवचाच्या आडोशाला आहे, म्हणजे बाहेरच. ड्रॉपरने थोडे पाणी सोडले की कल्ल्यांचे धागे मोकळे होऊन तरंगतात. कोळंबी शिकलेल्यांनी इथला फरक पाहावा : गोड्या पाण्यातल्या कोळंबीचा कल्ला वहीच्या पानांसारखा पापुद्र्यांचा असतो आणि एका बाजूला ८ कल्ले असतात. क्रेफिशचे धाग्यांचे असतात आणि संख्याही बरीच जास्त.

आता पाठ उघडायची. घाई झाली की बिघडते ते इथेच. कात्रीचे एक टोक पाठकवचाच्या मागच्या कडेखाली घाला, अगदी मध्यावर नव्हे, किंचित बाजूला, आणि टोक वर उचललेले ठेवून डोळ्यांच्या मागेपर्यंत कापत जा. दुसऱ्या बाजूनेही तसेच. मधली पट्टी सरळ उपटू नका. कवचाखाली गुलाबीसर पातळ त्वचा चिकटलेली असते. ती सुईने सोडवत सोडवत पट्टी उचला. हृदय या त्वचेच्या अगदी खाली असते. कात्रीचे टोक खाली वळले की पहिला बळी त्याचाच.

हृदय पांढुरके, चौकोनी-टोकेरी, बोटाच्या नखाहून लहान. त्याला छिद्रांच्या तीन जोड्या असतात. रक्त शिरांतून परत येत नाही. ते भोवतीच्या पोकळीत साठते आणि या छिद्रांतून हृदयात शोषले जाते. हृदय उचलले की खाली जननग्रंथी येते. मादीत दाणेदार, नरात पांढरी, आणि तिच्यापासून निघालेली गुंडाळलेली नळी. दोन्ही बाजूंना पसरलेला मोठा पिवळट-करडा मऊ गोळा म्हणजे पाचकग्रंथी. तिलाच अंडी समजण्याची चूक नेहमी होते. चिमट्याने हलकेच दाबून पाहा : दाणे सुटे झाले तर अंडाशय, लगदा झाला तर पाचकग्रंथी.

डोळ्यांच्या लगेच मागे फुगीर पिशवी दिसते, ते जठर. प्राण्याचे जठर डोक्यात, हे मुलांना पटत नाही. पण तोंड थेट त्याच्याखालीच आहे. पिशवी काढून ताटलीतल्या पाण्यात उघडा. आत तपकिरी रंगाचे तीन दात असतात, एक मध्ये, दोन बाजूंना. जंभांनी तुकडे केलेले अन्न इथे दळले जाते, त्यानंतरच्या कप्प्यात बारीक केसांच्या गाळणीतून गाळले जाते आणि मगच पाचकग्रंथीत जाते. गोड्या पाण्यातल्या कोळंबीत असे दात नसतात. तिथे दळण जंभांकडेच. जठराच्या भिंतीत दोन पांढरी, एका बाजूने चपटी बटणे सापडली तर दगड म्हणून टाकू नका. त्यांचे काम काय, ते पुण्याच्या पत्राच्या उत्तरात सांगितले आहे.

जठर काढल्यावर शृंगिकांच्या मुळाशी दोन गोल ग्रंथी दिसतात. नाव हरित ग्रंथी, पण द्रावणात पडून राहिलेल्या नमुन्यात हिरवेपणा उडालेला असतो, म्हणून जागेवरून ओळखा. हे क्रेफिशचे मूत्रपिंड. गोड्या पाण्यात राहणाऱ्याच्या अंगात कल्ल्यांवाटे पाणी सारखे झिरपत असते. ते बाहेर काढायचे, पण क्षार राखून ठेवायचे, असे दुहेरी काम या ग्रंथींचे. लघवीचे छिद्र शृंगिकेच्या मुळाशी, म्हणजे तोंडावरच. दोन क्रेफिश भिडले की एकमेकांच्या दिशेने लघवी सोडतात आणि तिच्या वासावरून समोरच्याचा दर्जा जोखतात. वर्गात हे सांगितले की हशा पिकतो, पण लक्षात राहते.

शेवटी चेतारज्जू. आपला मणक्यातून पाठीकडून जातो, याचा पोटाच्या बाजूने. उदराचे सगळे मांस हळूच उचलले की तळाशी गाठी मारलेला पांढरा दोरा दिसतो, दर खंडात एक गाठ. छातीत मात्र तो कवचाच्याच आतल्या सांगाड्याच्या बोगद्यातून जातो. तो बोगदा कात्रीच्या टोकाने थोडा थोडा कुरतडून उघडावा लागतो. दोरा तिथे संपला असे समजून थांबू नये. पुढे तो अन्ननलिकेभोवती कडे करून डोळ्यांमधल्या मेंदूला मिळतो. मेंदू म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका. तो अखंड निघाला तर हात बसला म्हणायचा.

प्रश्न : कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा म्हणजे शीर का? सोलताना पोटाकडूनही कधी एक दोरा दिसतो. दोन्ही काढायचे का? आणि डोक्यातले नारिंगी खावे की टाकावे? — गृहिणी, अलिबाग

उत्तर : पाठीतला दोरा शीर नव्हे, आतडे. जठरापासून निघून ते उदराच्या वरच्या बाजूने थेट शेपटीच्या पात्याखालच्या गुदद्वारापर्यंत जाते. काळेपणा आतल्या चिखलाचा आणि न पचलेल्या अन्नाचा. म्हणून तळ्यात वाढवलेली कोळंबी काढणीपूर्वी उपाशी ठेवली असेल तर दोरा जवळजवळ दिसतच नाही. खाल्ल्याने विषबाधा वगैरे होत नाही, पण दाताखाली कचकच येते आणि मोठ्या कोळंबीत कडवटपणा उतरतो. बोटभर लांबीच्या कोळंबीतून काढावा. बारीक कोळंबीत तो काढत बसणे म्हणजे वेळेची उधळपट्टी. पाठ चिरायची नसेल तर डोके काढल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडांच्या सांध्यात टूथपिक आडवी खुपसा आणि दोरा हळूच वर ओढा. झटका दिला तर तुटतो आणि अर्धा आत राहतो.

पोटाकडचा दोरा म्हणजे चेतारज्जू. त्यात घाण नसते. तो काढला काय, न काढला काय, सारखेच.

डोक्यातले नारिंगी म्हणजे पाचकग्रंथी. चव तिथेच असते, रस्सा घट्ट आणि गोडसर होतो तो तिच्यामुळे. पण कोळंबी मेली की हीच ग्रंथी उलटते. तिच्यातले पाचकरस पेशी फोडून बाहेर येतात आणि शेजारचे मांस पचवू लागतात. डोक्याकडचे पहिले दोन खंड पिठूळ लागतात त्याचे कारण हे. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीत हा दोष लवकर येतो. तेव्हा आणल्या आणल्या शिजवणार असाल तर डोके ठेवा. ठेवून द्यायची असेल तर आधी डोके काढा, धुवा, मग बर्फात. कापलेल्या कडेवरचे काळे डाग वेगळे : हवा लागल्यावर कवचाखाली रंगद्रव्य तयार होते, चिरलेले वांगे काळे पडते तसे. तेवढ्याने माल नासला असे होत नाही. निकाल वास देतो, रंग नव्हे.

प्रश्न : दुकानातून ‘लॉबस्टर’ म्हणून तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा एक क्रेफिश आणला. सहा महिने टाकीत एकटाच आहे. गेल्या महिन्यात कात टाकताना एक नांगी गळाली. आता शेपटीखाली काळपट अंड्यांचा घोस आहे. नर नसताना अंडी कशी? नांगी परत येईल का? — महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रातला महत्त्वाचा शब्द ‘कात’. लाल दलदली क्रेफिशच्या घराण्यात मादीच्या छातीखाली, शेवटच्या पायांच्या मधे, एक छोटा कप्पा असतो. नराने दिलेले बीज त्यात महिनोन्‌महिने टिकते. म्हणून ‘एकटी’ मादी पुष्कळदा दुकानातूनच भरून आलेली असते. पण हा कप्पा कवचाचाच भाग आहे. कात गेली की तो आणि त्यातले बीज दोन्ही जातात. तुमच्या मादीने अंड्यांआधी कात टाकली, म्हणजे ही वाट बंद झाली.

मग दोनच शक्यता. एक, अंडी फलित नाहीत. तसे असेल तर काही दिवसांत ती फिकट किंवा नारिंगी पडतात, त्यांवर कापसासारखी बुरशी चढते आणि मादी ती झाडून टाकते. दुसरी, तो संगमरवरी क्रेफिश आहे. ही जात १९९०च्या दशकाच्या मध्यात जर्मनीतल्या हौशी मत्स्यपालकांच्या टाक्यांत प्रथम लक्षात आली. सगळ्या माद्या, आणि अंडी नराविना फुटतात. प्रत्येक पिल्लू आईची हुबेहूब प्रत. तुम्ही लिहिलेले ठिपके आणि अंड्यांचा काळपट रंग पाहता आमचा कौल याच बाजूला आहे. तिसऱ्या आठवड्यापर्यंत अंड्यांत दोन-दोन काळे डोळे दिसू लागले की शंका उरणार नाही. २२ ते २५ अंश तापमानात पिल्ले निघायला साधारण ३ ते ४ आठवडे लागतात. पुढच्या दोन कातींपर्यंत ती आईच्या पोहण्याच्या पायांना लटकून राहतात. मादी ते पाय सारखे हलवत असते, ते अंड्यांना वारा घालणे. त्या काळात टाकी उपसू नका आणि मादीला उचलू नका.

एक तंबी. पिल्ले शेकड्यांनी होतील. एकही ओढ्यात, विहिरीत किंवा तलावात सोडू नका. आपल्या देशात मूळचा क्रेफिश कुठेच नाही आणि या जातीचा एक प्राणी म्हणजे पुरी वसाहत. मादागास्करमध्ये ती अशीच फोफावली, आणि युरोपीय संघाने तिच्या पालनावर बंदी घातली आहे. टाकीचे पाणीही बारीक जाळीतून गाळून, मगच मोरीत.

नांगी येईल. नांगीच्या मुळाशी निसर्गानेच तुटण्याची खाच ठेवलेली असते. अडकली की प्राणी स्वतःच स्नायू आवळून तिथून तोडतो आणि पडदा मिटून रक्त थांबते. नवी नांगी खुंटासारखी फुटते आणि दर कातीला मोठी होते. दोन-तीन कातींत कामापुरती, पण जोडीदार नांगीपेक्षा बहुधा लहानच राहते.

आता ती दोन पांढरी बटणे. कात टाकण्यापूर्वी क्रेफिश जुन्या कवचातला चुना थोडा काढून घेतो आणि जठराच्या भिंतीत साठवतो. कात गेल्यावर ती बटणे जठरात पडतात, विरघळतात आणि तोच चुना जंभ, जठराचे दात अशा निकडीच्या जागा कडक करायला वापरला जातो. युरोपात पूर्वी ही बटणे ‘खेकड्याचे डोळे’ या नावाने पित्तावर औषध म्हणून विकत. साठा मात्र पुरेसा नसतो. उरलेला चुना पाण्यातून आणि टाकलेली कात खाऊन भरून काढावा लागतो. म्हणून टाकीतली कात ‘घाण’ समजून काढू नका. पाणी फार मृदू असेल तर कवच दिवसचे दिवस मऊ राहते आणि पुढची कात अडकते. तुमची नांगी गळाली तीही अशाच अडकण्यातून गेली असावी. माशांच्या रोगांवरची तांबे असलेली औषधे त्या टाकीत अजिबात नकोत. कवचधाऱ्यांना ती घातक आहेत. आणि हवेच्या नळीला धरून हा प्राणी बाहेर चढतो, झाकण घट्ट ठेवा.

प्रश्न : बाजारात ‘गोड्या पाण्यातला झिंगा’ सांगून भलताच माल देतात असा संशय येतो. नक्की ओळख काय? — नागपूर

उत्तर : रंगावर आणि आकारावर जाऊ नका, उदराच्या कडा पाहा. झिंगा आडवा धरा आणि दुसऱ्या खंडाची बाजूची पाळ बघा. ती पहिल्या आणि तिसऱ्या, दोन्ही खंडांवर पसरलेली असेल तर गोड्या पाण्यातल्या गटाचा. पहिल्याची पाळ दुसऱ्यावर, दुसऱ्याची तिसऱ्यावर अशी कौलांसारखी ओळ असेल तर टायगर किंवा व्हेनामी या समुद्री जातींच्या गटाचा. हे डोके काढलेल्या मालातही दिसते, हाच या खुणेचा फायदा. समुद्रातल्या काही बारीक जातीही पहिल्या गटात येतात, पण मोठ्या झिंग्याच्या खरेदीत त्यांचा घोळ होत नाही.

डोक्यासकट असेल तर पाय पाहा. गोड्या पाण्यातल्यात पहिल्या दोन जोड्यांना चिमटे असतात आणि दुसरी जोडी लांब. जंबो कोळंबी ही गोड्या पाण्यातलीच मोठी जात, तिच्या मोठ्या नरात ती निळी आणि अंगापेक्षाही लांब होते. विक्रेते ती मोडून टाकतात, कारण टोपलीत एकमेकांना टोचते. टायगरमध्ये पहिल्या तीन जोड्यांना चिमटे, पण सगळे चिमुकले. कवचाची चोचही बोलते : जंबोची लांब आणि वर वळलेली, खालूनही ८ ते १४ दाते. टायगरची जवळपास सरळ, वर बहुधा ७ आणि खाली ३.

पोटाखाली अंड्यांचा घोस चिकटलेला असेल तर दुसरे काही पाहायची गरजच नाही. टायगर-व्हेनामीच्या माद्या अंडी पाण्यात सोडून मोकळ्या होतात, सांभाळत नाहीत. त्यांच्या पक्व मादीत पाठीच्या कवचातून जाड हिरवट रेघ दिसते, ते अंडाशय. ‘घाण आहे’ म्हणून भाव पाडून मागणारे भेटतात.

प्रश्न : क्रेफिश पुढे चालतो, पण घाबरला की मागे का उडतो? — विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : चालणे पायांचे, पळणे शेपटीचे. उदर झटक्यात खाली वळते, पंखा पाणी पुढे ढकलतो आणि प्राणी मागे फेकला जातो. उदरात वळवणारे स्नायू प्रचंड, सरळ करणारे पातळ. तुम्ही कोळंबीचे म्हणून खाता ते मांस जवळजवळ सगळे या वळवणाऱ्या स्नायूंचेच.

वेग येतो तो चेतारज्जूतल्या अतिजाड तंतूंमुळे. जाड तंतूत संदेश जलद धावतो. शेपटीला टोचल्यापासून हालचाल सुरू व्हायला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग पुरतो. १९४७ साली जीवशास्त्रज्ञ विर्स्मा यांनी दाखवले की यातल्या एकाच तंतूला चेतवले तरी पुरी उडी होते. मधल्या तंतूंची जोडी पुढून आलेल्या धोक्याला, तिच्यामुळे सरळ मागे. बाजूची जोडी उदराला झालेल्या स्पर्शाला, तिच्यामुळे वर उसळून कोलांटी.

कोलांटीनंतर वर-खाली कसे कळते, हाही प्रश्न तुम्ही विचारायला हवा होता. लघुशृंगिकेच्या मुळाशी एक पुटी असते, आत संवेदनशील केस आणि त्यांवर वाळूचे कण. कण ज्या बाजूला टेकतात ती बाजू खालची. पुटीचे अस्तरही कातीबरोबर जाते, म्हणून दरवेळी नवी वाळू भरावी लागते. १८९३ साली व्हिएन्नात शास्त्रज्ञ क्राइडल यांनी नेमक्या त्या वेळी कोळंबीला वाळूऐवजी लोखंडाचा कीस दिला. तिने तो भरला. मग वर लोहचुंबक धरला, तर ती वरची बाजू खाली समजून उलटी झाली.

प्रश्न : कोळंबी उकडल्यावर लाल का होते? तिला रक्त नसते का? — पेण

उत्तर : लाल रंग आधीपासूनच असतो. खाद्यातून आलेले लाल रंगद्रव्य अ‍ॅस्टाझॅन्थिन कवचातल्या प्रथिनाला जखडलेले असते तोवर ते निळसर-करडे दिसते. उष्णतेने प्रथिन विस्कटते, रंगद्रव्य सुटते. रक्त असते, पण त्यात लोहाऐवजी तांबे असलेले, प्राणवायू वाहणारे हिमोसायनिन. प्राणवायू असताना फिकट निळे, नसताना जवळजवळ रंगहीन, त्यामुळे कापताना ते पाण्यासारखे वाहून जाते आणि रक्तच नाही असे वाटते.

प्रश्न : आपली शेवंड म्हणजेच क्रेफिश का? — वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. शेवंड समुद्रातली, आणि तिला नांग्याच नसतात. तिचे हत्यार म्हणजे जाड, काटेरी शृंगिका. गोंधळ नावाचा आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेत लोक शेवंडीच्या भाऊबंदांनाच क्रेफिश म्हणतात. तिकडच्या हॉटेलात क्रेफिश मागवाल तर ताटात बहुधा शेवंडच येईल, आणि बिलही शेवंडीचेच.